ईशज्ञानाच्या पदवीत मराठीलाही जागा हवी

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

वसई, पुणे, नाशिक अशा ठिकाणी होणाऱ्या पौरोहित्य दीक्षाविधींच्या बातम्या आपल्या दैनिकात आपुलकीने छापल्या जातात, याचे वसईची एक कॅथलिक वाचक म्हणून मला समाधान वाटते. मात्र त्या बातम्यांत बहुधा 'धर्मशास्त्राची पदवी पूर्ण करून ते धर्मगुरू झाले' असे एखादेच वाक्य असते आणि त्यामुळे दीक्षा आणि पदवी या दोन गोष्टी एकच आहेत असा वाचकाचा समज होतो. वस्तुतः पदवी नसतानाही दीक्षा होऊ शकते आणि दीक्षा न घेता पदवी मिळवता येते. मी प्रापंचिक आहे, दोन मुलांची आई आहे, आणि ज्याला आम्ही ख्रिस्ती मंडळी 'ईशज्ञान' म्हणतो त्या थिऑलॉजीची लायसन्शिएट ही दुसऱ्या टप्प्याची पदवी मी चाळिशी उलटल्यावर मिळवली आहे. ती पूर्ण करण्यासाठी काय काय करावे लागते, हे मराठीत सांगणारा एक कागदही त्या वेळी मला शोधून सापडला नव्हता. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे. त्यात एक मागणीही आहे आणि ती मराठीच्या संदर्भात आहे.

आधी दीक्षा आणि पदवी यांतला फरक. १९८३ साली जाहीर झालेल्या कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, संहितेतील २५०व्या कलमानुसार धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्याने किमान सहा पूर्ण वर्षे अभ्यास केला पाहिजे, त्यांतली दोन वर्षे तत्त्वज्ञानाची आणि चार वर्षे ईशज्ञानाची. ही अट अभ्यासाची आहे; त्याच्या शेवटी पदवी मिळालीच पाहिजे असे हे कलम म्हणत नाही. चर्चच्या कायद्यात वजन असलेली पदवी होली सीने, म्हणजे रोममधील पोपच्या पीठाने, स्थापन केलेल्या किंवा मान्य केलेल्या फॅकल्टीकडूनच मिळते. एखादी सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी संस्था, अशा फॅकल्टीशी संलग्न असेल तर तिच्या विद्यार्थ्यांना त्या फॅकल्टीमार्फत पहिली पदवी घेता येते. आपल्या राज्यात पुण्याच्या नगर रस्त्यावरील ज्ञानदीप ही अशी पदव्या देणारी संस्था आहे. तिचे मूळ पोप लिओ तेरावे यांनी १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन केलेल्या पेपल सेमिनरीत आहे आणि १९५५ साली ती पुण्याला आली. मी शिकले ती संस्था ही नव्हे; पतीच्या बदलीमुळे आम्ही तेव्हा महाराष्ट्राबाहेर होतो.

या पदव्यांचे नियम पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली एका संविधानाने, म्हणजे पोपच्या कायदेशीर आदेशाने, बांधून दिले आणि पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१७ मध्ये सही केलेल्या 'वेरितातिस गाउदियुम' या संविधानाने त्यांना आजचे रूप दिले. त्यानुसार अभ्यासाचे तीन टप्पे आहेत. पहिला टप्पा पाच वर्षांचा, ज्याच्या शेवटी बॅकलॉरिएट मिळते. दुसरा दोन वर्षांचा, ज्याच्या शेवटी लायसन्शिएट. आणि तिसरा डॉक्टरेटचा. पहिल्या टप्प्यात पवित्र शास्त्र, श्रद्धासिद्धान्त, नीतिशास्त्र, उपासनाशास्त्र, चर्चचा इतिहास, आद्य धर्मपित्यांचे लेखन, कॅनन लॉ असे सारे विषय येतात. दुसऱ्या टप्प्यात त्यांतला एक निवडून त्यात खोल जायचे असते. लायसन्शिएट या शब्दाचा मूळ अर्थच शिकवण्याचा परवाना असा आहे, कारण सेमिनरीत ईशज्ञान शिकवायचे तर किमान ही पदवी लागते, आणि फॅकल्टीत शिकवायचे तर डॉक्टरेट. डॉक्टरेटची एक अट मला फार योग्य वाटते. प्रबंधाने त्या शास्त्रात खरी भर घातली पाहिजे, त्याचे जाहीर समर्थन झाले पाहिजे आणि निदान त्याचा मुख्य भाग छापून प्रसिद्ध झाला पाहिजे. संशोधन कपाटात पडून राहू नये याची काळजी त्या नियमातच घेतलेली आहे.

पहिल्या टप्प्यातली पहिली दोन वर्षे मुख्यतः तत्त्वज्ञानाची असतात, आणि माझी पहिली ठेच तिथेच लागली. तत्त्वज्ञानाचा हा अभ्यास ज्यांनी आधीच केला आहे त्यांच्यासाठी पहिला टप्पा तीन वर्षांचा होतो. मी मुंबई विद्यापीठाची इतिहासाची बी.ए. आणि पुढे बी.एड. होते. प्रवेशाच्या वेळी कार्यालयाने माझी गुणपत्रिका पाहिली, 'पदवीधर' या शब्दावर बोट ठेवले आणि मला तीन वर्षांच्या वर्गात बसवले. तीन वर्षे मी सगळ्या परीक्षा चांगल्या गुणांनी दिल्या. लायसन्शिएटसाठी अर्ज केला तेव्हा नव्या अधिकाऱ्यांनी फाईल उघडून शांतपणे विचारले, 'तुमचे मेटाफिजिक्स कुठे आहे? ज्ञानमीमांसा कुठे आहे? मध्ययुगीन तत्त्वज्ञानाचा इतिहास?' यांतले काहीही नव्हते. नियम त्यांच्या बाजूने होता आणि तो नियम बरोबरच आहे, कारण तत्त्व, व्यक्ती आणि स्वभाव या शब्दांमागचे तत्त्वज्ञान ठाऊक नसेल तर त्रैक्याविषयी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एकाच देवाविषयी, काहीही नेमके बोलता येत नाही. चूक झाली ती हा नियम मला तीन वर्षे आधी न सांगण्यात. त्यापायी दोन सत्रे वाढली, शिकवणीचे जमवलेले पैसे संपले आणि धाकट्या मुलाच्या दहावीच्या वर्षी मी अ‍ॅरिस्टॉटलची परीक्षा देत होते. धर्मप्रांताने, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतील प्रदेशाने, पाठवलेल्या विद्यार्थ्याच्या मागे त्याचे वरिष्ठ असतात, ते कागदपत्रे पाहून घेतात. प्रापंचिक विद्यार्थ्याला स्वतःच विचारावे लागते, आणि काय विचारायचे हे त्याला बहुधा माहीत नसते.

दुसरी मोठी अट भाषांची. चर्चचे मूळ स्रोत आणि दस्तऐवज वाचता यावेत इतके लॅटिन आलेच पाहिजे. पवित्र शास्त्रात विशेष अभ्यास करायचा असेल तर ग्रीक आणि हिब्रूची तयारी लागते, आणि त्याशिवाय संशोधन वाचण्यासाठी आधुनिक भाषा. लॅटिन मला परके वाटले नाही, कारण ते माझ्या कानात आधीपासून होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६३ साली लोकभाषेतील उपासनेचे दार उघडण्यापूर्वी आमच्या वसईत मिस्सा ही मुख्य उपासना लॅटिनमध्येच होत असे, आणि माझी आजी, जिला स्वतःची सहीसुद्धा जेमतेम करता येई, ती भाजी निवडताना 'एत कुम स्पिरितू तूओ' (आणि तुझ्या आत्म्याबरोबर) असे तालात म्हणत असे. त्या चार शब्दांतला 'स्पिरितू' कुठल्या विभक्तीत आहे हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळले, तेव्हा वहीवर डोळ्यांतले पाणी पडले हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

हिब्रूने मात्र दमवले. मुळाक्षरे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून मी स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांना टेकवून ठेवत असे आणि पोळ्या लाटताना उजवीकडून डावीकडे वाचण्याचा सराव करीत असे. त्या दिवसांत मला पंडिता रमाबाईंचा मोठा आधार वाटला. त्या कॅथलिक नव्हत्या, हे मला माहीत आहे. तरीही केडगावच्या मुक्तिसदनाचा एवढा व्याप सांभाळून, उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांतून संपूर्ण बायबल मराठीत आणणारी, आणि १९२२ साली जगाचा निरोप घेईपर्यंत त्या कामाला जुंपून राहिलेली स्त्री आपल्याच महाराष्ट्रातली होती. भाषांची अट ही बायकांच्या आवाक्याबाहेरची आहे असे मला त्या वर्षांत ज्यांनी सांगितले, त्यांना मी रमाबाईंचे एवढे एकच उदाहरण देत असे.

आता मी ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, त्या मुद्द्याकडे येते.

पहिल्या टप्प्याच्या शेवटी सर्व विषयांवर मिळून एक सर्वंकष परीक्षा असते. माझी तोंडी होती. तीन परीक्षक समोर, मध्ये टेबलावर ग्रीक नवा करार आणि परिषदांच्या निर्णयांचा जाड ग्रंथ. मला ४५१ साली खाल्सेदोन येथे भरलेल्या चर्चच्या परिषदेवर प्रश्न आला. ख्रिस्त हा पूर्ण देव आणि पूर्ण मानव. त्याचे हे दोन स्वभाव एकाच व्यक्तीत कसे नांदतात, हे त्या परिषदेने चार ग्रीक क्रियाविशेषणांत बांधले आहे: असिंखितोस, अत्रेप्तोस, अदिएरेतोस, अखोरिस्तोस. मी ते इंग्रजीत समजावून सांगू लागले. चारही वेळा इंग्रजीत 'विदाउट' म्हणावे लागत होते, आणि बोलताना माझ्या लक्षात आले की ग्रीक शब्दाच्या आरंभी असलेला तो नकाराचा 'अ' हा आपल्याच 'अ'चा सख्खा भाऊ आहे. ग्रीक आणि संस्कृत या दोन्ही भाषांना तो एकाच जुन्या मुळातून मिळालेला आहे. अमिश्र, अविकारी, अविभाज्य, अवियोज्य. चार ग्रीक शब्दांना चार मराठी शब्द, तोच उपसर्ग, तीच ठेवण, आणि कानाला तोच ठेका. मी ते चार शब्द मराठीतच म्हटले. तिघांपैकी एक परीक्षक, ज्यांची मातृभाषा मल्याळम होती, ते पुढे वाकून म्हणाले, 'पुन्हा म्हणा.' मी पुन्हा म्हटले. त्यांनी ते आपल्या कागदावर लिहून घेतले.

त्या दिवसापासून मला असे वाटत आले आहे की ईशज्ञान मराठीत करता येते, किंबहुना काही ठिकाणी इंग्रजीपेक्षा ते अधिक नेमके होते. आणि हे वाटणे नवे नाही. १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूने सुमारे ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचले आणि १६१६ साली ते राशोल येथे छापले गेले. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न आज परिसंवादांत चर्चिला जातो. स्टीफन्स यांनी तो चारशे वर्षांपूर्वी ओवी रचता रचता सोडवला होता. त्यांच्यानंतर एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच येशूसंघीयाने संत पेत्राच्या चरित्रावर असेच मराठी पुराण रचले, ते १६२९ साली गोव्यात प्रसिद्ध झाले. हे ग्रंथ नुसते भक्तिकाव्य म्हणून बाजूला ठेवण्याजोगे नाहीत. शब्दांची निवड कशी केली, कोणता शब्द टाळला, कुठे जुना शब्द घेऊन त्यात नवा अर्थ भरला, हे सारे ईशज्ञानाचेच काम आहे.

साहजिकच माझ्या लायसन्शिएटच्या प्रबंधासाठी मी ख्रिस्तपुराणातील देहधारणेची, म्हणजे देवाने मानव होण्याची, शब्दकळा हा विषय घेतला. विषय मान्य झाला, पण प्रबंध इंग्रजीतच लिहायचा होता. प्रत्येक ओवीखाली इंग्रजी गद्य भाषांतर द्यायचे आणि विवेचन त्या भाषांतरावर करायचे, अशी सूचना होती. परिणाम असा झाला की ओवीतला जो शब्द माझ्या युक्तिवादाचा आधार होता तो भाषांतरात नाहीसा होई, आणि मग तो नाहीसा झाला आहे हे सांगण्यासाठी मला तळटीप लिहावी लागे. एका प्रकरणाला एकशे बारा तळटीपा झाल्या. मार्गदर्शक अत्यंत सहृदय होते, परंतु त्यांना मराठी येत नव्हते. परीक्षकांपैकीही कोणाला येत नव्हते. त्यांनी माझे इंग्रजी तपासले, पद्धत तपासली, संदर्भ तपासले. मूळ ओव्यांचा मी लावलेला अर्थ बरोबर आहे की नाही, हे त्या संपूर्ण प्रक्रियेत एकाही माणसाने तपासले नाही. पदवी मिळाल्याचा आनंद होताच, पण ही गोष्ट माझ्या मनाला आजही टोचते, कारण परीक्षेचा हेतूच तिथे अपुरा राहिला.

संस्थांची अडचण मला कळते. आपल्या देशातील अशा फॅकल्टींत एका वर्गात झारखंडचा, केरळचा, मिझोरामचा आणि वसईचा विद्यार्थी शेजारी शेजारी बसतो; शिकवायला आणि परीक्षा घ्यायला एक समान भाषा लागते आणि ती इंग्रजी आहे. वर्गाची भाषा बदला असे माझे म्हणणे नाही. लॅटिन, ग्रीक किंवा हिब्रूची अट सैल करा, असे तर मी कधीच म्हणणार नाही. उलट ती अधिक कसून पाळली जावी. माझी मागणी एवढीच आहे की ज्याच्या संशोधनाचे मूळ साधन मराठी आहे त्याला लायसन्शिएट आणि डॉक्टरेटचा प्रबंध मराठीत लिहिण्याची मुभा असावी, सोबत इंग्रजीत विस्तृत सारांश घ्यावा, आणि परीक्षकांत मराठी वाङ्मयाचा एक जाणकार विद्यापीठाच्या मराठी विभागातून बोलवावा. तसेच आधुनिक भाषांच्या यादीत फ्रेंच किंवा जर्मनच्या जोडीने जुन्या मराठीची परीक्षा मान्य व्हावी, कारण सतराव्या शतकातील मराठी ओवी अर्थासह वाचणे हे जर्मन नियतकालिकातला लेख वाचण्याइतकेच कष्टाचे काम आहे. रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात इटालियनखेरीज इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश आणि जर्मन भाषांतही प्रबंध लिहिता येतो. म्हणजे तत्त्व मान्य आहे, प्रश्न यादीत कोणाकोणाची भाषा बसते एवढाच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मिशनकार्यावरील आदेशात प्रत्येक मोठ्या सांस्कृतिक प्रदेशात ईशज्ञानाचे संशोधन चालना देऊन उभे करावे असे सांगितले आहे, आणि वेरितातिस गाउदियुमच्या प्रस्तावनेत संवाद, विद्याशाखांची देवघेव आणि संस्थांचे परस्पर सहकार्य यांवर भर आहे. मराठी विभागातला एक परीक्षक हे त्या सहकार्याचे अगदी साधे रूप ठरेल.

काही स्नेही मला विचारतात की मराठीत लिहिलेला प्रबंध वाचणार कोण. त्यांना मी वसईतले रविवार दाखवते. मराठी मिस्सेला येणारी, मराठीतून बायबल वाचणारी, वाचनालयात नेमाने जाणारी माणसे इथे गावोगाव आहेत. ज्या समाजातून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्या समाजाला ईशज्ञानाचा गंभीर मराठी ग्रंथ पेलणार नाही असे मी मानत नाही. माझा इंग्रजी प्रबंध आमच्या गावात तिघांनी मागून नेला आणि तिघांनीही 'मराठीत असता तर' असे म्हणून परत केला.

प्रापंचिकांसाठी, विशेषतः माझ्या बहिणींसाठी, दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली ही की हा अभ्यास कोणाच्या मेहेरबानीचा विषय नाही. कॅनन लॉच्या २२९व्या कलमात चर्चच्या विद्यापीठांत आणि फॅकल्टींत जाऊन ईशज्ञान शिकण्याचा आणि पदव्या घेण्याचा प्रापंचिकांचा हक्क स्पष्ट शब्दांत नोंदलेला आहे, आणि पात्रता असेल तर शिकवण्याची अधिकृत परवानगी मिळण्यासही ते पात्र ठरतात. दुसरी गोष्ट व्यवहाराची आहे. चर्चच्या कायद्यातली ही पदवी सरकारी किंवा विद्यापीठीय नोकरीत आपोआप एम.ए.च्या बरोबरीची धरली जाईल असे गृहीत धरू नये. जिथे अर्ज करायचा तिथून ते आधी लेखी विचारून घ्यावे. प्रवेश घेतानाही आपल्या आधीच्या पदवीतला कोणता विषय तत्त्वज्ञानाच्या दोन वर्षांत धरला जाईल आणि कोणता नाही, हे कागदावर सही-शिक्क्यानिशी घ्यावे. मी ते घेतले नाही आणि एक वर्ष गमावले.

अशा प्रत्येक संस्थेने प्रवेशाच्या अटी, भाषांच्या परीक्षा, सर्वंकष परीक्षेचे स्वरूप, प्रबंधाचे नियम आणि एकूण खर्च हे सारे दोन पानांत मराठीत छापून महाराष्ट्रातील धर्मप्रांतांकडे पाठवले, तर ते मिस्सेनंतरच्या सूचनांत वाचून दाखवता येईल. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, ते वाचण्याची आणि विचारायला येणाऱ्या मुलामुलींना समजावून सांगण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन.

आपल्याकडेही एक विनंती आहे. यापुढे दीक्षाविधीची किंवा पदवीदानाची बातमी छापताना आपल्या प्रतिनिधींनी त्या व्यक्तीला पदवीचे नेमके नाव, ती देणारी फॅकल्टी आणि प्रबंधाचा विषय विचारावा आणि ती ओळ बातमीत घालावी. विषयाचे नाव इंग्रजीत मिळाले तर त्याचे मराठी त्यांच्याकडूनच करून घ्यावे.

आपली विश्वासू,
एक प्रापंचिक वाचक
वसई, जि. पालघर